नॅनोबबलचा उजेड नेमका कुणाचा?

प्रतिध्वनी

नॅनोबबल म्हणजे सोनोग्राफीत दिसावेत म्हणून शिरेत सोडायचे वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे. त्यांच्यावरच्या शोधनिबंधांत एक जोडचित्र हमखास असतं. डावीकडे उंदराची गाठ काळपट, उजवीकडे इंजेक्शननंतर तीच गाठ उजळलेली, आणि खाली लिहिलेलं की हा उजेड नॅनोबबल्सचा. हा धागा त्या खालच्या ओळीबद्दल आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका. १९६८ साली रेमंड ग्रॅमियाक आणि प्रवीण शाह हे नळीवाटे महाधमनीच्या मुळाशी द्रव सोडत होते आणि बाहेरून अल्ट्रासाउंड लावून पाहत होते. द्रव आत गेला की पडद्यावर प्रतिध्वनींचा ढग उठायचा. तो ढग होता द्रवाबरोबर गेलेल्या बारीक बुडबुड्यांचा. रक्तपेशी आणि भोवतालचा प्लाझ्मा यांच्यात ध्वनीच्या दृष्टीने फरक फार थोडा, म्हणून सोनोग्राफीत रक्त काळं दिसतं. वायूचं तसं नाही. तो सहज दाबला जातो, फुगतो, लहरीच्या तालावर धडधडतो आणि स्वतःच ध्वनी फेकू लागतो.

साधी हवा रक्तात पटकन विरघळते. म्हणून पुढे पाण्यात जेमतेम विरघळणारे जड वायू आले: सल्फर हेक्झाफ्लोराइड, ऑक्टाफ्लुरोप्रोपेन, परफ्लुरोब्युटेन. त्यांच्याभोवती फॉस्फोलिपिडचं (स्निग्ध रेणूंचं) किंवा अल्ब्युमिन या प्रथिनाचं कवच. ऑप्टिसन, डेफिनिटी, सोनोव्ह्यू, जपानात वापरलं जाणारं सोनाझॉइड ही सगळी इंजेक्शनं याच घराण्यातली, म्हणजे मायक्रोबबल्सची. व्यास साधारण १ ते १० मायक्रोमीटर. सोनोव्ह्यूची सरासरी २.५. तांबडी पेशी ७-८ मायक्रोमीटरची, त्यामुळे ती जिथून जाते तिथून हे बहुतेक बुडबुडेही निघतात. शिवाय एक योग जुळून आलाय. मिनर्टने १९३३ मध्ये मांडलेल्या सूत्राप्रमाणे १ मायक्रोमीटर त्रिज्येचा बुडबुडा सुमारे ३ मेगाहर्ट्‌झला अनुनाद देतो, आणि पोटाच्या सोनोग्राफीचे प्रोब त्याच पट्ट्यात काम करतात. कवचामुळे आकडा वर सरकतो, पण हाताबाहेर जात नाही.

मर्यादा एकच आणि ती मोठी आहे. हे बुडबुडे रक्तवाहिनी सोडत नाहीत. गाठीत रक्त कसं खेळतंय हे ते दाखवतील, पण गाठीच्या पेशींपर्यंत पोचणार नाहीत. कर्करोगाच्या गाठीतल्या वाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, गळक्या असतात. १९९८ च्या एका गाजलेल्या अभ्यासात उंदरांच्या बऱ्याच गाठींमध्ये ही भोकं ३८० ते ७८० नॅनोमीटरची निघाली. मग १००-५०० नॅनोमीटरचा बुडबुडा केला तर? तो बाहेर पडेल, पेशीला चिकटेल, तिथे थांबेल. कल्पना झकास आहे.

भौतिकशास्त्राचं मत मात्र वेगळं. बुडबुडा लहान होईल तसा पृष्ठताण त्याला जास्त आवळतो. २५० नॅनोमीटर व्यासाच्या, कवच नसलेल्या बुडबुड्याच्या आत बाहेरच्यापेक्षा ११ वायुमंडलं जास्त दाब असायला हवा. एवढ्या दाबाखाली वायू पाण्यात घुसतो आणि मिलीसेकंदाच्या आत बुडबुडा संपतो. समजा कवचाने हे सावरलं, तरी दुसरी अडचण उभीच. तरंगलांबीपेक्षा खूप लहान आणि अनुनादापासून दूर असलेल्या बुडबुड्याचं प्रकीर्णन त्रिज्येच्या सहाव्या घाताप्रमाणे बदलतं. त्रिज्या दहापट कमी केली की प्रतिध्वनी दहा लाखपट क्षीण. तेवढ्याच वायूत हजारपट बुडबुडे होतील हे खरं, पण बेरीज करूनही हजारपट तूट राहतेच.

तरीही चित्रात गाठ उजळते. कशाने? इथल्या जाणकारांनी लिहावं. माझा ओढा ‘काही अंशी खरंच नॅनोबबलमुळे’ या बाजूला आहे, पण किती अंशी हे छापताना लोक फार सैल राहतात असं माझं मत.

साबणफेस

कवचाच्या बाजूने लिहितो, रोजचं काम तेच आहे.

११ वायुमंडलांचा आकडा स्वच्छ पाण्याच्या पृष्ठताणाने येतो. लिपिडचे रेणू पृष्ठभागावर दाटीने उभे राहिले की तो ताण जवळपास शून्यावर येतो आणि आवळणारं कुणी उरत नाही. म्हणून ‘नॅनोबबल असूच शकत नाही’ हा आक्षेप उघड्या बुडबुड्यांना लागू आहे, कवचवाल्यांना नाही.

पण दाटी झाली की कवच कडक होतं, आणि कडक कवच ध्वनीला दाद देत नाही. यावर केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या आगाता एक्सनर यांच्या गटाने काढलेला तोडगा मला आवडतो. लांब शेपट्यांच्या लिपिडांच्या मिश्रणात प्रोपिलीन ग्लायकॉल घालायचं, ते पडदा मऊ करतं. आणि ग्लिसरॉल घालायचं, ते त्याला ताठपणा देतं. दोन्ही मिळून कवच मोडण्याऐवजी वाकतं.

करायची पद्धत बघणाऱ्याला फारशी भारदस्त वाटणार नाही. छोट्या वायलमध्ये लिपिडचं द्रावण, वरची हवा काढून ऑक्टाफ्लुरोप्रोपेन भरायचा, आणि दंतवैद्य चांदी भरताना मिश्रण घुसळायला वापरतात तसल्या यंत्रात ४५ सेकंद थरथरवायचं. पारदर्शक द्रावण दुधाळ होऊन बाहेर येतं. यात मायक्रो, नॅनो सगळे एकत्र. मग वायल उलटी करून सेंट्रिफ्यूजमध्ये अगदी हलक्या वेगाने काही मिनिटं. मोठे बुडबुडे तरंगून वर, म्हणजे उलट्या वायलच्या बुडाकडे जमतात. सुई बुचातून जेमतेम आत घालून खालचा थर काढून घ्यायचा. तो थर म्हणजे नॅनोबबल्स. सुई थोडी जास्त आत गेली की नमुना बिघडला.

शंकासुर

साबणफेस, तुमच्या शेवटच्या वाक्यातच माझा सगळा आक्षेप आला, धन्यवाद.

गणित करू. मिलीलीटरमध्ये १०० अब्ज नॅनोबबल्स आहेत असं धरा. त्यात दर दहा लाखांमागे एकच मायक्रोबबल राहून गेला, म्हणजे मिलीलीटरमागे एक लाख. त्रिज्या दहापट, म्हणून प्रत्येकाचा आवाज दहा लाखपट. म्हणजे निम्मा सिग्नल त्या एक लाखांचा! आणि ते अनुनादाच्या जवळ असल्यामुळे खरं तर निम्म्याहून बराच जास्त. ९९.९९९९ टक्के शुद्ध नमुना आणि तरी उजेड भेसळीचा. इतक्या बारीक भेसळीचा पत्ता कुठल्या उपकरणाला लागतो?

बहुतेक निबंधांत ‘सरासरी व्यास २५० नॅनोमीटर’ लिहून विषय संपवतात. तो आकडा डीएलएसने, म्हणजे प्रकाशाच्या विखुरण्यावरून काढलेला. डीएलएसला बुडबुडा आणि रिकामं लिपोसोम यांतला फरकही कळत नाही. वायलमध्ये वायू नसलेले लिपिडचे गोळेही भरपूर असतात, त्यांनाही हे लोक बुडबुडे म्हणून मोजतात.

उडतीतबकडी

वाचतोय. बाजारात ‘नॅनोबबल पाणी’ करणारी यंत्रं मिळतात, मत्स्यपालनासाठी वगैरे. तेच का हे?

साबणफेस

@उडतीतबकडी, नाही. तिथे कवच नसतं, पाण्यात वायू मिसळायचा असतो, आणि ते कण खरोखर बुडबुडेच आहेत का यावर वेगळीच जुनी लढाई चालू आहे. इथल्या बुडबुड्यांशी संबंध नावापुरता. तो विषय इथे आला की धागा वाहून जाईल, वेगळा काढा.

प्रतिध्वनी

शंकासुर, गणित बरोबर आहे आणि मला ते प्रत्येक निबंधाच्या पहिल्या पानावर हवं आहे. पण दोन गोष्टी.

पहिली, मोजणीची. डीएलएसबद्दल सहमत. रेझोनंट मास मेजरमेंट नावाचं तंत्र याहून बरंच प्रामाणिक आहे. एक सूक्ष्म पट्टी कंप पावत असते आणि तिच्या पोटात कोरलेल्या नळीतून नमुना वाहतो. पाण्यापेक्षा जड कण गेला की पट्टी क्षणभर जड होऊन वारंवारता खाली येते; बुडबुडा गेला की पट्टी हलकी होऊन वारंवारता वर उडी मारते. लिपोसोम आणि बुडबुडा इथे समोरासमोर वेगळे पडतात, एकेक करून. चांगल्या गटांनी ही मोजणी दिलेली आहे. तिच्यातही दर दहा लाखांत एक शोधायचा तर तेवढे कण मोजावे लागतील आणि ते कुणी मोजत नाही, हा तुमचा मुद्दा शिल्लक राहतो.

दुसरी गोष्ट, सहाव्या घाताची. तो नियम बुडबुडा हलकेच हलतो तोवरचा. कॉन्ट्रास्टच्या, म्हणजे बुडबुडे सोडून काढलेल्या, चित्रात आपण तो प्रतिध्वनी बघतच नाही. यंत्र एक पूर्ण ताकदीची आणि एक निम्म्या ताकदीची लहर पाठवतं, दुसरीचं उत्तर दुप्पट करून पहिल्यातून वजा करतं. ऊतींचं उत्तर सरळ प्रमाणात असतं, ते जवळजवळ पुसलं जातं. बुडबुडा वाकडं उत्तर देतो, ते उरतं. आता नॅनोबबलचं कवच विश्रांतीत सुरकुतलेल्या फुग्यासारखं असतं असं मानलं तर काय होईल? लहरीचा दाब कमी असेपर्यंत तो नुसता थरथरेल. एका मर्यादेपलीकडे सुरकुत्या सुटून कवच ताणलं जाईल आणि उत्तर एकदम वाकडं होईल.

प्रयोगांत हेच दिसलं आहे. दाब वाढवत नेला तर ठरावीक उंबरठ्यापर्यंत नॅनोबबल्स जवळपास अदृश्य, आणि तो ओलांडला की सिग्नल एकदम चढतो. उंबरठा कुठे पडेल हे लिपिडची कृती बदलून सरकवताही येतं. मिसळलेले मोठे बुडबुडे सगळं काम करत असते तर ते कमी दाबालाच बोलू लागले असते. हा पुरावा मला वजनदार वाटतो.

शंकासुर

उंबरठ्याचा पुरावा मान्य, निदान त्या नमुन्यांपुरता. बाकीच्यांनी तो द्यावा, मग बोलू.

कृष्णधवल

रोज रेडिओलॉजी करणारा म्हणून लिहितो. तुमची भेसळीची चर्चा रंजक आहे, पण माझ्या टेबलावरचा प्रश्न वेगळा आहे.

उंदराची गाठ कातडीखाली काही मिलिमीटरवर असते. तिथे १२-१८ मेगाहर्ट्‌झचा प्रोब चालतो आणि दाबही हवा तेवढा पोचतो. माझ्या रुग्णाच्या यकृतातली गाठ १०-१२ सेंटिमीटर खोल. तिथे मी २-४ मेगाहर्ट्‌झवर उतरतो, म्हणजे नॅनोबबलच्या अनुनादापासून आणखी लांब, आणि लहर तिथवर जाईपर्यंत तिची ताकद बरीच खर्च झालेली. उंबरठा ओलांडायला आवाज वाढवला तर वरच्या थरातले बुडबुडे फुटणार. आम्ही कॉन्ट्रास्ट करताना मेकॅनिकल इंडेक्स, म्हणजे लहरीच्या जोराचा आकडा, मुद्दाम ०.२ च्या खाली ठेवतो ते यासाठीच. यंत्राची परवानगी १.९ पर्यंत असते. त्यामुळे नॅनोबबल माणसात आलेच तर आधी प्रोस्टेट, थायरॉइड, स्तन अशा जवळून बघता येणाऱ्या ठिकाणी येतील असा माझा अंदाज. उंदरांवरचं प्रोस्टेटचं काम, पीएसएमए या प्रथिनाला चिकटणारे बुडबुडे वगैरे, म्हणूनच योग्य दिशेचं वाटतं.

आणि चिकटवण्यासाठी नॅनोच हवं असंही नाही. बीआर५५ हे मायक्रोबबल आहे, गाठीतल्या नव्या वाहिन्यांच्या आतल्या भिंतीवरच्या व्हीईजीएफआर-२ या प्रथिनाला चिकटतं. स्तन आणि बीजांडकोशाच्या गाठी असलेल्या स्त्रियांमध्ये ते वापरून बघितल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. वाहिनीच्या बाहेर न पडता हे झालं.

आडवाटेने

लहान बुडबुडा टिकवण्याची कसरत करायचीच कशाला, असा तिसरा पंथही आहे. काही जिवाणू पाण्यात तरंगण्यासाठी प्रथिनाच्या पोकळ कुप्या बनवतात, गॅस व्हेसिकल्स. भिंत फक्त २ नॅनोमीटरची. वायू तिच्यातून मोकळा ये-जा करतो, पाणी आत शिरत नाही. वायू कोंडलेलाच नसल्यामुळे विरघळून आकसण्याचा प्रश्नच मिटतो! कॅल्टेकच्या मिखाइल शापिरो यांच्या गटाने २०१४ मध्ये या कुप्या अल्ट्रासाउंडमध्ये दिसतात हे दाखवलं, आणि नंतर त्यांची जनुकं आधी दुसऱ्या जिवाणूंत, मग २०१९ मध्ये सस्तन प्राण्यांच्या पेशींतही घातली. पेशी स्वतःच कॉन्ट्रास्ट तयार करते. माझ्या मते या सगळ्या प्रांतातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच.

दुसरा मार्ग थेंबाचा. परफ्लुरोपेंटेन २९ अंशांना उकळतं, पण नॅनोथेंबात आवळलेलं असलं की शरीराच्या तापमानालाही द्रवच राहतं. तो थेंब वाहिनीबाहेर जाऊ द्यायचा आणि मग जोरदार लहरीने त्याची वाफ करायची. व्यास साधारण पाचपट होतो.

शंकासुर

थेंबाला मोठा दाब लागतो आणि कधी कुठे फुटेल यावर ताबा कमी. पण तिथे निदान ‘काय दिसतंय’ याबद्दल गोंधळ नाही.

आता मूळ गृहीतकाकडे. गळक्या वाहिन्यांतून कण गाठीत झिरपतात हे मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये मांडलं आणि त्यावर अख्खं नॅनोऔषधशास्त्र उभं राहिलं. २०१६ मध्ये दहा वर्षांच्या निबंधांचा आढावा निघाला. दिलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचलेल्या नॅनोकणांचं मध्यक प्रमाण ०.७ टक्के. तेही बहुतांश उंदरांत. माणसाच्या गाठी हळू वाढतात, वाहिन्या तितक्या गळत नाहीत. बाहेर पडणारे इतके कमी, प्रत्येकाचा आवाज इतका बारीक. काय दिसणार?

प्रतिध्वनी

०.७ टक्के औषधासाठी निराशाजनक आहे, कारण औषधाला पेशी मारायच्या असतात. चित्राला तेवढं लागत नाही, आजूबाजूपेक्षा फरक दिसला की पुरतं. वाहिन्यांतले बुडबुडे ओसरल्यावर गाठीत जे मागे राहतात त्यांच्यावरच सगळा डाव आहे, म्हणून उशिराच्या मिनिटांचं चित्र महत्त्वाचं.

पण मागे राहिलेले खरंच वाहिनीबाहेर आहेत, की आतच भिंतीला चिकटलेत? प्राण्यांत याची चाचणी करता येते: हृदयातून सलाईन सोडून सगळं रक्त धुऊन काढायचं आणि मग गाठ पुन्हा प्रोबखाली घ्यायची. वाहिन्या रिकाम्या झाल्यावरही सिग्नल असेल तर काहीतरी अडकलेलं आहे. त्यानंतर जोरदार लहर देऊन फोडायचं. सिग्नल गेला तर अडकलेला तो वायूच. पुढे ऊतीचे काप काढून कवचावरचा रंग वाहिनीच्या बाहेर आहे का बघायचं. या तिन्ही पायऱ्या एकत्र दिसल्या की मी तो निबंध दोनदा वाचतो. नुसता रंग दाखवला असेल तर नाही, कारण फुटलेल्या बुडबुड्याचं रिकामं कवचही तिथवर जाऊ शकतं.

शंकासुर

त्यात चौथी पायरी घाला. त्याच वायलमधला मोठ्या बुडबुड्यांचा थर मुद्दाम थोडा थोडा परत मिसळायचा आणि चित्र किती बदलतं ते मोजायचं. भेसळीने फरक पडत नाही असा दावा असेल तर भेसळ करूनच दाखवा.

साबणफेस

ही पायरी आवडली. अवघडही नाही, तो थर आम्ही नाहीतरी फेकूनच देतो. फक्त लगेच वापरावा लागेल. मोठे बुडबुडे लहानांचा वायू खाऊन आणखी फुगतात, मिश्रण तासभर ठेवलं तर मूळ प्रमाण राहणार नाही.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहिते आहे. वडिलांच्या लिव्हरमध्ये सोनोग्राफीत गाठ दिसली आहे. किडनीचं क्रिएटिनीन वाढलेलं असल्यामुळे सीटीचा कॉन्ट्रास्ट नको म्हणाले आणि ही बुडबुड्यांची तपासणी सुचवली. शिरेत वायू सोडायचा म्हटल्यावर घरात सगळे घाबरलेत. आणि हे वाचल्यावर वाटलं, नॅनोवालं येईपर्यंत थांबणं बरं का?

कृष्णधवल

ताई, थांबू नका. नॅनोबबल अजून प्रयोगशाळेत आणि प्राण्यांत आहेत, माणसांच्या निदानासाठी असं कुठलंही औषध मंजूर नाही. वडिलांना जे देणार आहेत ते मायक्रोबबल, आणि यकृताच्या गाठीसाठी तेच कामाचं आहे. तिथे वाहिनीबाहेर जायची गरजच नसते. गाठ धमनीच्या रक्ताने पहिल्या अर्ध्या मिनिटात भरते का आणि पुढच्या चार-पाच मिनिटांत लवकर की उशिरा, किती प्रमाणात रिकामी होते, एवढ्यावरून बरंच कळतं.

वायूची भीती साहजिक आहे. सोनोव्ह्यूचा यकृतासाठीचा डोस २.४ मिलीलीटर, त्यात वायू २० मायक्रोलीटरसुद्धा नसतो. त्यातला ८० टक्क्यांहून जास्त दोन मिनिटांत श्वासावाटे बाहेर पडतो, पंधरा मिनिटांत जवळजवळ सगळा. वायू किडनीवाटे जायचाच नसल्यामुळे क्रिएटिनीनची अडचण येत नाही. इटलीतल्या २३ हजारांहून जास्त तपासण्यांच्या नोंदीत गंभीर त्रास ०.००८६ टक्के होता.

तो जो विरळा त्रास असतो तो बहुधा ॲलर्जीचा. वडिलांना पॉलिएथिलीन ग्लायकॉलची, म्हणजे पेगची, कधी रिॲक्शन आली असेल तर आधी सांगा. काही जुलाबाच्या औषधांत तो असतो, आणि या बुडबुड्यांमध्येही. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार असेल तर तोही कानावर घाला. बाकी जुने रिपोर्ट आणि आधीच्या सोनोग्राफीची चित्रं बरोबर न्या, गाठ नेमकी कुठे बघायची ते इंजेक्शनच्या आधी ठरवावं लागतं. एकदा बुडबुडे आत गेले की शोधाशोध करायला वेळ नसतो.